दावण कोणी ठरवली?

अन्याय कौसाबाईवर झाला. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, वैशाखातल्या एका बुधवारी, सकाळी साडेअकरा वाजता, चारा छावणीच्या मांडवात. शे-दीडशे माणसं समोर बसलेली होती. हे आधी लिहून ठेवते. कारण नंतर त्यातला प्रत्येक जण म्हणाला, असं काही झालंच नाही.

कौसाबाई साठीच्या पुढची. नवरा वारलेला, लेक दिंद्रुडला दिलेली. आमच्या बौद्धवाड्यात आमच्यापासून चौथं घर तिचं. मी तिला मावशी म्हणते. तिची एक तांबडी गाय छावणीत होती. त्या दिवशी भोंग्यावरून पुकारा करून तिला मांडवात बोलावलं आणि टेबलापुढं उभं केलं. टेबलामागं चेअरमन. साखर कारखाना त्यांचा, छावणी कारखान्याची. चेअरमन कधी ओरडत नाहीत. हसून बोलतात. म्हणून लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. त्यांच्या हातात एक कागद होता.

"कौसाबाई, आपल्या छावणीत जात पाळतात म्हणं. कोण पाळतं? नाव घ्या. आत्ता हाकलून देतो."

कौसाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मग ह्या कागदावर तुमच्या गाईचा नंबर कसा? का गाय बोलली?"

मांडव हसला. पोट धरून हसला. पुढच्या खुर्चीतला एकजण म्हणाला, "गाय शिकलेली दिसती, साहेब." परत हसले.

कौसाबाईला वाचता येत नाही. पण कागद तिनं ओळखला. काही दिवसांमागं मला उत्तर सांगताना ती सरकीची पेंड कालवत होती, तिची बोटं कोपऱ्याला लागली होती, तिथं तेलकट डाग होता. तिनं डाग पाहिला. मग मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी मांडवाच्या खांबापाशी कॉलेजच्या पोरापोरींत उभी होते. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. कागदावरचं अक्षर माझं होतं.

मग ती म्हणाली, "न्हाई साहेब. तसं काय न्हाई. माझीच चूक झाली."

तेवढ्यावर सोडलं नाही. तिच्या उत्तराच्या खाली 'हे मी बोलले नाही' असं कारकुनानं लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. शाईचा पॅड टेबलावर तयार होता. म्हणजे ती काय म्हणणार, हे तिला बोलवायच्या आधीच ठरलं होतं. अंगठा घेतल्यावर चेअरमन म्हणाले की इथली व्यवस्था पटत नसेल तर आमचा आग्रह नाही, गाय घेऊन जायची मोकळीक आहे. मोकळीक. हाच शब्द. संध्याकाळपर्यंत दावण रिकामी करायची होती.

मी खांबापाशीच उभी राहिले. एक शब्द बोलले नाही. हेही लिहून ठेवते.

आता कागद तिथं कसा गेला ते.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय समाजशास्त्र. आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आणि कारखान्याचे चेअरमन एकच. आमच्या जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. कारखाना, बँक, दूधसंघ, कॉलेज, एकाच बंगल्यातून हलतात. मलाही वाटलं नव्हतं.

पहिल्या वर्षाचा पहिला तास. सर काहीतरी सांगत होते आणि माझ्या तोंडून निघालं, "कावून सर?" तालुक्याच्या पोरी खिदळल्या. त्या 'का' म्हणायच्या, 'का बरं' म्हणायच्या. कावून फक्त खेड्यातलं. मी मान खाली घातली. सरांनी खडू ठेवला, वर्ग गप्प होईस्तोवर थांबले आणि म्हणाले, "हा शब्द जपून ठेव. समाजशास्त्र म्हणजे कावून म्हणायची हिंमत. बाकी सगळं पाठांतर."

माझ्याशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. शाळेत प्रश्न विचारला की मास्तर म्हणायचे, आगाऊ. घरात विचारला की आई म्हणायची, तोंड लई चालतं तुझं. सर पहिले. आणि सर आपले होते. आपले म्हणजे आमच्यातलेच, शेजारच्या तालुक्यातल्या वाड्यावरचे. जयंतीला आमच्याकडं भाषणाला यायचे. घरात एकच खुर्ची. बाप ती पुसून सरांना द्यायचा आणि स्वतः उंबऱ्यावर बसायचा. मी दुरून बघायची आणि छाती भरून यायची.

मी वही केली. रोज एक कावून. सार्वजनिक हापशाचं तोंड आमच्या वाड्याकडं पाठ करून कावून? पंचायतीच्या पायरीवर चपला काढणारे कोण आणि तसंच आत जाणारे कोण, कावून? ऊस लावणारा कारखान्याचा सभासद होतो, तोच ऊस कोयत्यानं तोडणारा होत नाही, कावून? या शेवटच्या प्रश्नापुढं सरांनी लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं, वर्गात वाचू नये. मला वाटलं, सरांना माझी काळजी.

मग तो दुष्काळ आला. पहिलं साल कसंतरी निघालं. दुसऱ्या साली कारखान्याच्या माळावर छावणी पडली. ज्यांनी छावणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. उघड्या माळावर हिरव्या जाळीचं छत, खाली लांबच्या लांब दोऱ्या, दोरीला ओळीनं बांधलेली ढोरं. एका ओळीला एक दावण. ढोरासोबत घरातलं एक माणूस तिथंच मुक्कामाला. ढोराच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. चारा नंबरावर, पेंड नंबरावर. भोंगा ओरडायचा, चारशे बारा, आणि कौसाबाई पाटी घेऊन उठायची. पंधरा दिवसांत माणसं एकमेकांना नंबरानंच हाका मारायला लागली. चेष्टा म्हणून सुरू झालं, मग सवय पडली. कौसाबाई हसून म्हणायची, "मला आता चारशे बाराच म्हणा. नवऱ्याचं नाव लावून तरी काय भेटलं?"

सरांनी आमच्या वर्गाला प्रकल्प दिला. छावणीतल्या पशुपालकांची पाहणी. छापील फॉर्म कारखान्याच्या ऑफिसातून आले. पंधरा प्रश्न. चारा वेळेवर मिळतो का, पाणी पुरतं का, आपण समाधानी आहात का. सरांनी दहादा बजावलं, फॉर्मवर कुणाचंही नाव लिहायचं नाही. नाव नसलं की माणूस मोकळा बोलतो. जो बोलेल त्याला शब्द द्यायचा की तुमचं बोलणं तुमच्यापाशी परत येणार नाही.

फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट होती. बिल्ला क्रमांक.

मी विचारलं, "सर, हा कावून?"

सर म्हणाले, "मोजणीला लागतो गं."

बापाला, मास्तरला, सरपंचाला दोन-दोनदा कावून विचारणारी मी. सरांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते आपले होते ना.

बाहेरच्या जिल्ह्यातला माणूस हसेल. ज्या माळावर माणसाचं नावच बिल्ला झालंय, तिथं आम्ही माणसाचं नाव झाकलं आणि बिल्ला सुवाच्य अक्षरात लिहिला. वर्गातल्या एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मला तर नाहीच.

कौसाबाईची पंधरा उत्तरं पाच मिनिटांत झाली. हो, हो, पुरतं, बरं हाय. फॉर्म मिटता मिटता मी आजूबाजूला पाहिलं. ती शेवटची दावण. आमच्या वाड्याची सगळी ढोरं त्याच दावणीला. पाण्याचा हौद दुसऱ्या टोकाला, कडबाकुट्टीचं यंत्र दुसऱ्या टोकाला. आमच्या टोकाला खड्डा. छावणीत ढोर मेलं की त्या खड्ड्यात टाकायचे. वारा खड्ड्यावरून आमच्याकडंच यायचा.

फॉर्ममध्ये नव्हता तो प्रश्न मी विचारला. मावशी, सगळ्यात शेवटची दावण कावून?

ती पेंड कालवता कालवता थांबली. मी तिला शब्द दिला की तुझं नाव कुठं जाणार नाही. मग ती जे बोलली ते मी फॉर्मच्या खालच्या कोऱ्या जागेत शब्दाला शब्द लिहिलं.

"पयल्या दिशी दिस उगवायला आले व्हते मी. रांगेत तिसरी मी. तरी बिल्ला दिला चारशे बारा, आन् हितं आणून बांधली. खड्डा जवळ. ढोर मेलं की वढायला हाक आमच्याच गड्यास्नी, जवळ हायत म्हणून. पर जवळ बांधलं कोणी? दावण कोणी ठरवली, ते इचार की तुझ्या सराला."



छप्पनला माझ्या आज्यानं दीक्षा घेतली आणि मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. त्या पायी गावानं वाड्याचं पाणी तोडलं, दुकान बंद केलं. तरी परत दोरीला हात लावला नाही. ही गोष्ट आमच्या घरात जेवताना सांगतात. आणि त्याच आज्याचा मुलगा, माझा चुलता, दोनच दिवस आधी सकाळी त्या माळावर मेलेल्या म्हशीचे पाय दोरीनं बांधत होता. मी स्वतः पाहिलं होतं. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. जवळ होता, गेला. जात कुणी काढलीच नव्हती. आज्याला निदान तोंडावर सांगितलं होतं की हे तुझं काम. चुलत्याला कुणी काही सांगितलं नाही. फक्त त्याचा बैल कुठं बांधायचा, तेवढं ठरवलं.

दोन वर्षं वहीत कावून लिहिलेल्या मला हे दिसलं नाही. बिनशिकल्या कौसाबाईला दिसलं. समाजाचा अभ्यास मी करत होते की ती, सांगा.

मी धावत सरांकडं गेले. खूश होते हो मी. सरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. म्हणाले, चांगलं काम केलंस, हा माझ्याकडं राहू दे. बाकीचे फॉर्म गठ्ठ्यात गेले. हा एक त्यांनी वेगळ्या पाकिटात ठेवला. मला वाटलं, जपून ठेवतायत.

सहाव्या दिवशी तो बुधवार.

मांडवातून मी सरळ कॉलेजात गेले. सर खोलीत एकटे होते. मी विचारलं, माझा कागद तिथं कसा गेला. ते खिडकीकडं बघत बोलायला लागले. चेअरमनसाहेबांनी अहवाल मागितला होता. त्यांच्याच संस्थेत आपण बसलोय. तेरा वर्षं तासिकेवर घासतोय, आत्ता कुठं मान्यतेची फाईल वर गेलीय. घरी दोन लेकरं आहेत. मी ऐकून घेतलं. यातलं काही खोटं नव्हतं. मी म्हणाले, पण तुम्ही कौसाबाईला शब्द दिला होता. माझ्या तोंडून दिला होता.

मग त्यांनी टेबलावरचा एक टाईप केलेला अर्ज माझ्यापुढं सरकवला. मजकूर असा, की सदर उत्तर मी स्वतःच्या मनानं लिहिलं, संबंधित महिलेचा त्याच्याशी संबंध नाही, मी दिलगीर आहे. खाली सहीला जागा. सही केली तर कौसाबाईची गाय छावणीत राहील. साहेबांनी तसं कबूल केलंय. माझे प्रकल्पाचे मार्कही राहतील.

मी म्हणाले, "सर, कावून?"

सर म्हणाले, "कावून कावून करू नकोस आता. प्रश्न विचारायलाही वेळकाळ असतो."

तोच माणूस. तोच शब्द. मला त्यांचा राग नंतर आला. मला चेअरमननं फसवलं नाही. चेअरमनवर मी कधी विश्वास टाकलाच नव्हता. ज्याच्यासाठी बाप उंबऱ्यावर बसला, त्यानं फसवलं.

अर्ज घेऊन मी छावणीत आले. खरं सांगते, सही करायच्या बेतानं आले. गाय जगणार होती. माझ्या शब्दापायी तिची गाय उन्हात हिंडावी, असं मला नको होतं. कौसाबाई खुंट्यापाशी बसून दावं सोडत होती. मी अर्ज वाचून दाखवला. माफी मागितली. म्हटलं, मावशी, मी सही करते, गाय राहू दे इथंच.

तिनं विचारलं, "म्हंजी म्या ते बोललेच न्हाई, असं लिवलंय?"

मी हो म्हटलं.

ती गाठ सोडत राहिली. मग म्हणाली, "मांडवात माझ्या तोंडानं खोटं वदवलं. आता तुझ्या हातानं वदवतेत. सबंध जन्मात माझं एक बोलणं कागदावर आलं, माय. ते बी पुसतीस कावून?"

मी अर्ज फाडला. तिच्यासमोर. त्या दिवसापर्यंत मी कावून विचारणारी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणीतरी विचारला.

ती गाय घेऊन चालत निघाली, लेकीकडं. दोन दिवसांची वाट. मी फाट्यापर्यंत सोबत गेले. उन्हात गाईच्या कानातला बिल्ला चमकत होता.

घरी न वापरलेले फॉर्म उरले होते. त्यांची मागची बाजू कोरी. मी बसले आणि प्रत्येकावर एकच ओळ लिहिली. छावणीतली दावण कोणी ठरवली? खाली माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, वाडा, गाव. या वेळी नाव माझं होतं, बिल्ला कुणाचाच नव्हता. आईनं कणकेची खळ करून दिली. म्हणाली, तोंड लई चालतं तुझं, चालू दे. छावणीच्या फाटकावर एक डकवला. हौदावर एक. कडबाकुट्टीवर, कारखान्याच्या गेटवर, कॉलेजच्या फळ्यावर. सरांच्या खोलीच्या दारावर शेवटचा.

दोन दिवस कागद फाडले जात होते आणि मी परत लावत होते. पोरं शिट्ट्या मारायची, "ए दावण" म्हणायची. सोसायटीच्या एका संचालकानं बापाला वाटेत गाठून सांगितलं की पोरगी आवर, लगीन व्हायचं न्हाई. बाप म्हणाला, "ती आमचं ऐकत न्हाई. तुमचं ऐकती का बघा."

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दावणीतला एक बैल मेला. मोठ्या घरचा बैल. नेहमीसारखी हाक आली. या रे, दोघं-चौघं या. शेवटच्या दावणीत माझा चुलता आणि आणखी पाच गडी बसले होते. कुणी उठलं नाही. परत हाक आली. चुलत्यानं बसल्या जागेवरून विचारलं, "दावण कोणी ठरवली?" एवढंच. शिवी नाही, घोषणा नाही. हाक मारणारा म्हणाला, "येडा झाला का बे." चुलता परत तेच म्हणाला.

बैल दुपारपर्यंत तिथंच पडून राहिला. पहिल्या दावणीत पहिल्यांदा माशा घोंगावल्या. पहिल्यांदा तिकडच्यांनी नाकाला उपरणं लावलं. मग बारा वाजता कारखान्याच्या बाजूनं ट्रॅक्टर आला. साखळी लावली, पाच मिनिटांत बैल खड्ड्यात.

ट्रॅक्टर होता. दोन महिने कारखान्याच्या शेडमध्ये उभाच होता. इतके दिवस तो आला नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून जिंकलो, असं समजू नका. दावण बदलली नाही. पाऊस पडून छावणी उठेपर्यंत आमची ढोरं खड्ड्यापाशीच होती. पुढच्या आठवड्यापासून आमच्या ओळीचा चारा सगळ्यात शेवटी यायला लागला. प्रकल्पात मला नापास केलं. त्या विषयाला मी पुढच्या वर्षी परत बसले. सरांना मान्यता मिळाली. जयंतीला ते आमच्या वाड्यात आले तेव्हा बापानं खुर्ची आतच ठेवली. सर उभ्यानं बोलले. प्रश्न विचारायला शिका, असंच बोलले. कौसाबाई आषाढात परत आली. एकटी. जावयाच्या घरी गाईला दोन महिने ठेवून घेतलं, मग विकली. ती नुसतं दावं घेऊन आली. तिला मी अजून उत्तर देणं लागते.

त्या सालापासून एवढं कळलं. आमच्याकडं पाहणी नेहमी वरून खाली होते. फॉर्म घेऊन माणसं बौद्धवाड्यात येतात, पारध्यांच्या पालावर जातात, ऊसतोडकऱ्यांच्या कोप्यांवर, त्यांच्या झोपड्यांवर जातात. तुमच्यात शिक्षण कमी का, तुमच्यात लग्न लवकर का. बंगल्यावर फॉर्म जात नाही. कारखान्याच्या बोर्डात तीच तीन आडनावं कावून, असा प्रश्न कुठल्या फॉर्मवर छापलेला मी पाहिला नाही. ज्याला खालीच विचारायचं आहे त्याला उत्सुकता नसते, त्याला पाळत ठेवायची असते. आता मी कुठल्याही पाहणीला गेले, आणि मी अजून जाते, तर आधी समोरच्याला माझा फॉर्म तपासायला देते. हा कुणी छापला, कुठं जाणार, कोण वाचणार, ते त्यानं मला विचारायचं. त्याचं समाधान झालं तर मी पेन काढते. नाही झालं तर परत फिरते.

हे वाचून हळहळू नका. कौसाबाईला तुमची हळहळ नको, तिची गाय गेली. तुमच्या गावात दावण आहेच. हापशावर असेल, स्मशानाच्या वाटेवर असेल, पंगतीत असेल, शाळेच्या बाकावर असेल, तुमच्या सोसायटीच्या मतदारयादीत असेल. तुम्ही कोणत्या टोकाला बांधलेले आहात ते तुम्हाला चांगलं माहीत आहे. एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा, ही दावण कोणी ठरवली. खाली नाव लिहा. दुसऱ्याचं नाही, कुणाचा नंबर नाही. तुमचं स्वतःचं, बापाच्या नावासकट. आणि तो चारचौघांना दिसेल तिथं लावा. उद्या नको. आज.